मंडपवाल्याचा तंबू

बारामती-इंदापूर पट्ट्यात गेल्या काही वर्षांत ज्यांची लग्नं लागली, त्यांतल्या निम्म्यांच्या डोक्यावर ताणलेलं कापड बादशाहचं होतं. निकाह असो, लग्न असो, साखरपुडा असो, नाहीतर पुढाऱ्याची सभा असो. बांबू त्याचे, कनाती त्याच्या, आणि पंगतीत सगळ्यात मोठा आवाजही त्याचाच. "ए, तिकडं मठ्ठा न्हाय पोचला!" हे वाक्य तो झोपेतसुद्धा ओरडतो, असं त्याची बायको हीना सांगायची. पण एवढ्या वर्षांत तो स्वतः कधी तंबूत झोपला नव्हता. लोकांना सावलीत बसवायचं आणि आपण उन्हात उभं राहायचं, हा धंदाच तसा.

सगळा दोष तौसिफचा. तौसिफ म्हणजे हीनाचा धाकटा भाऊ, पुण्यात नोकरीला. दिवाळीच्या सुट्टीत तो बायकापोरांना घेऊन हिमाचलात गेला आणि पाठीवर सामान टाकून चार दिवस डोंगरात चालून आला. पुढं वडगाव निंबाळकरला हीनाच्या माहेरी सगळे जेवायला जमले, तेव्हा त्यानं फोन टीव्हीला जोडून ते सगळं दाखवलं. बर्फ, तंबू, गालांचे टोमॅटो झालेली त्याची पोरं. कुणीतरी सहज बादशाहच्या नऊ वर्षांच्या सिमरनला विचारलं, "तुमी कुठं जाता गं फिरायला?"

"आमी पण लय फिरतो," सिमरन म्हणाली. "फलटणला गेलो, करमाळ्याला गेलो, दौंडला तर दोनदा गेलो. फलटणला अब्बांनी मला जिलेबीच्या कढईजवळ बसवलं होतं. धूर लय होता, पण जिलेबी गरम मिळाली."

सगळे हसले. बादशाह सगळ्यांत मोठ्यानं हसला. परतताना मात्र गाडीत, बारामतीचे दिवे दिसायला लागल्यावर एकदम म्हणाला, "आपण पण जायचं. पायी. पाठीवर सामान घेऊन. रानात मुक्काम."

"कुणाचं लग्न हाय?" मागच्या सीटवरून सोहेलनं विचारलं. सोहेल चौदा वर्षांचा. वर्षभरात तो बापापेक्षा वीतभर उंच झाला होता आणि तेवढंच बोलणं त्यानं कमी केलं होतं. त्यामुळं तो बोलला की जिव्हारी लागायचं.

पौष लागला, लग्नं थांबली, बांबू शेडमध्ये आडवे झाले, तेव्हा बादशाह कामाला लागला. हिमाचल लांब होतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या गुडघ्यांना चढ मानवत नव्हता. पण इंदापूर तालुक्यातला माळ जवळ होता. मैलोन् मैल गवत, हरणं, आणि सिमरनच्या पुस्तकात चित्र होतं ते लांडगे. वनखात्याच्या हद्दीत मुक्काम करता येत नाही, हे काटेवाडीच्या दत्तोबानं सांगितलं. दत्तोबा त्याचा शाळेपासूनचा मित्र, ऊसवाला. त्याच्या सासऱ्यांचं पडीक रान माळाला लागूनच होतं. "तितं तंबू ठोका, कोण इचारत न्हाय," दत्तोबा म्हणाला. "पण बादशाभाई, मी काय म्हणतो, माझी पिकअप घेऊन जावा की. चालत कशाला?"

"चालायलाच तर जायचंय," बादशाह म्हणाला.

"ते व्हय," दत्तोबा म्हणाला, आणि त्याला काय म्हणायचं होतं ते बादशाहच्या पोटाकडं बघत गिळून टाकलं.

सामान ऑनलाइन मागवलं. चार बॅगा आणि एक गोल तंबू. तंबू एवढ्याशा पिशवीत आला. आई, जरिनाबी, पिशवी हातात तोलून म्हणाली, "बादशाह, अंगणात एकदा उभा करून बघ रं."

"अम्मी, मी दोन हजार माणसाचा मांडव चार तासांत उभा करतो. ह्या चिमण्यांच्या घरट्याला काय बघायचं?"

त्यानं पिशवीतला चित्रांचा कागद काढला, चुरगळला आणि जरिनाबीच्या समोर कचऱ्यात टाकला. म्हातारीनं तो उचलला नाही. पुढं आपलं म्हणणं खरं ठरणार याची तिला बहुतेक तेव्हाच खात्री पटली होती.

शनिवारी सकाळी दत्तोबानं त्यांना माळाच्या कडेला सोडलं. बेत असा, की शनिवारी माळ ओलांडून पडीक रानात मुक्काम करायचा आणि रविवारी चालत डाळजला हायवेवर निघून एसटीनं परत यायचं. गाडी जाताच बादशाहनं सगळ्यांचे फोन गोळा केले, बंद केले आणि आपल्या बॅगेच्या तळाशी घातले. "दोन दिवस जगाशी संबंध तोडायचा," तो म्हणाला. मग बॅग उचलायला गेला आणि बसला. तांदूळ, पातेलं, गॅसची छोटी शेगडी, मसाल्यांचे डबे, आणि एक झारा. केटरिंगच्या कढईचा, हातभर लांब झारा. तो का घेतला हे त्यालाही सांगता आलं नसतं. झाऱ्याशिवाय बाहेरगावी जायची त्याच्या हाताला सवयच नव्हती. सोहेलनं मागून बॅग वर ढकलली, तेव्हा कुठं बादशाह उभा राहिला.

"म्होरक्यानं पुढं चालायचं असतं," असं म्हणून तो पुढं निघाला. पहिल्या टेकाडापर्यंत त्यानं पोरांना माळाची माहितीही दिली. टेकाडानंतर सोहेल पुढं गेला, मग सिमरन, मग हीना. तेव्हा बादशाहनं जाहीर केलं की खरा म्होरक्या मागून चालतो, म्हणजे कुणी चुकत नाही. "तुमी चुकू नका म्हंजे झालं," हीना मागं न बघता म्हणाली.

चुकायची सोयच नव्हती. रान एवढं निबिड होतं की साखर कारखान्याची चिमणी कुठूनही दिसत होती. तरी माळ माळच. गुडघ्याएवढं पिवळं गवत वाऱ्यानं एका अंगाला झोपायचं आणि उठायचं. मधूनच बोरीचं झुडूप, मधूनच तरवड, आणि वर एवढं आभाळ की बादशाहच्या धंदेवाईक डोळ्यांनी आधी त्याला कापड किती लागेल याचाच अंदाज बांधला. गवतातून एक हरीण उडालं आणि चार उड्यांत नाहीसं झालं. "हरीण! हरीण!" बादशाह ओरडला.

"चिंकारा," सिमरन कुजबुजली. "आणि अब्बा, ओरडायचं नसतं."

त्यानं मान डोलावली. पंगतीत कमावलेला आवाज इथं नडत होता. त्यात कुसळं. गवताची ती सुईसारखी बारीक टोकं मोज्यांत, ट्रॅकपँटीत, आणि कुठं कुठं शिरली हे सांगण्यासारखं नाही. पोरांनी साध्या सुती पँटी घातल्या होत्या. बादशाहनं खास माळासाठी लोकरीचे मोजे घेतले होते. दर थोड्या वेळानं तो खाली बसून कुसळं वेचायचा आणि त्याला उठवायला दोघं लागायची. तिसऱ्यांदा उठवताना सोहेलच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. बादशाहला वाटलं, पोरगं हसतंय. खात्री नव्हती, फार दिवसांत बघितलं नव्हतं.

दुपार कलता कलता दत्तोबाच्या सासऱ्यांचं पडीक रान आलं. बाजूला एक ओघळ, दोन हिवराची झाडं, मोकळी मुरमाड जमीन. बादशाहनं बाह्या सरसावल्या. आता त्याचा प्रांत आला होता.

"सगळ्यांनी बाजूला बसा," तो म्हणाला. "आणि बघा."

त्यांनी बघितलं. पिशवीतून निघालेल्या काड्या एकमेकींत दोरीनं ओवलेल्या होत्या. झटकल्या की आपोआप लांब व्हायच्या आणि सोडल्या की डोळ्यात जायच्या. यात खड्डा कुठं खणायचा? वासा कुठला? आढं कुठलं? बादशाहनं काडी जमिनीत रोवायचा प्रयत्न केला. काडी वाकली. त्यानं कापड जमिनीवर पसरलं, उलटं केलं, परत सुलटं केलं, आत शिरून बघितलं आणि बाहेर यायचं तोंड सापडेना. कापडाच्या आतून त्याचा आवाज आला, "ह्याला दरवाजा कुठल्या बाजूला हाय?"

"कागदावर होतं," सोहेल म्हणाला.

शेवटी सिमरननं दोन काड्या फुलीसारख्या ओवल्या, सोहेलनं टोकं अडकवली, आणि तंबू एकदम टुणकन उभा राहिला. बादशाह टाळी वाजवायला मागं सरला. खुंट्या अजून ठोकायच्या होत्या. तंबूला जमिनीशी धरून ठेवणारं त्या क्षणी जगात काहीच नव्हतं. आणि मग वारा आला.

तंबू आधी एका अंगावर कलंडला, मग दुसऱ्या, मग चेंडूसारखा टप्पे खात माळावर निघाला. बादशाह त्याच्या मागं पळाला. लग्नात नवरदेवाचा घोडा उधळला तेव्हासुद्धा तो असा पळाला नव्हता. तंबू बोरीला लागायचा, थांबायचा, बादशाह दोन हात लांबून झेप घ्यायचा आणि तंबू पुढं उडायचा. अशाच एका झेपेत बोरीनं त्याची ट्रॅकपँट मागून धरली आणि सोडलीच नाही. टर्रकन आवाज झाला. तो तसाच पुढं पळाला, कारण मागं बायकापोरं होती आणि पुढं निदान अनोळखी माळ होता.

अनोळखी माळावर मेंढरं होती. त्यांच्यातून दोन कुत्री सुटली आणि बादशाह हात वर करून जागच्या जागी उभा राहिला, पोलिसांनी पकडल्यासारखा.

"हाड, हाड!" एक बाई ओरडली. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, खांद्यावर काठी. तिनं एक पाय उडत्या तंबूवर दाबून ठेवला होता. "कुनाचं पातळ उडालं म्हनलं, तर ह्यो फुगा! तुमचा व्हय, पाव्हनं?"

"माझाच, आक्का," बादशाह म्हणाला. एक हात त्यानं हळूच खाली आणून पाठीमागं नेला.

ती बानूबाई. मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांतली. जवळच तिचा वाडगा, म्हणजे मेंढरांचा तळ, पडला होता: जाळीत कोकरं, घोड्यावरून उतरवलेली लोखंडी बाज, भांडी, गोधड्या, एक कोंबडी, आणि सिमरनच्याच वयाची नात, छकुली. तेवढ्यात हीना आणि पोरं बॅगा घेऊन धापा टाकत पोचली. बानूबाईनं त्या चौघांना नीट न्याहाळलं. पाठीवरचं बिऱ्हाड, कुसळं, फाटकी पँट, बाहेर डोकावणारा झारा. तिचा चेहरा मऊ झाला. ती हीनाजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाली, "काय झालं गं बाय? भावाभावात भांडनं झाली का? घरातनं काढलं?"

"न्हाय हो आक्का," हीना म्हणाली आणि पुढचं नवऱ्यावर सोडलं.

"आमी असंच आलोय," बादशाह म्हणाला. "चालत. मजा म्हणून."

"मजा?"

"व्हय. म्हंजे... सामान पाठीवर घ्यायचं, रानातनं चालायचं, जितं दिवस मावळंल तितं राहायचं." बोलता बोलता त्याचं लक्ष तिच्या बाजेकडं, गोधड्यांकडं, घोड्याकडं गेलं आणि त्याचा आवाज खाली खाली येत शेवटी पुटपुटण्यासारखा झाला.

बानूबाईनं खांद्यावरची काठी खाली टेकवली. मग म्हणाली, "लग्न झाल्यापास्नं मी हेच करतीय बघा. ह्यात मजा असती म्हनून मला कुनी सांगितलंच न्हाय."

आणि ती एवढ्या मोठ्यानं हसली की कोंबडी बाजेखाली पळाली. आधी हीना हसली, मग सिमरन. सोहेलनं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. बादशाहला आधी राग आला. पण पाठीमागं धरलेला हात सोडता येत नसताना माणूस रागवून रागवणार किती? तोही हसला.

तंबू परत नेला आणि या वेळी दगड ठेवून उभा केला. दरवाजा वाऱ्याच्या तोंडाला आला होता, पण ते बोलायची कुणाची छाती झाली नाही. हीना शिवणकाम करायची. सुईदोरा तिच्या पर्समध्ये कायम असायचा. तिनं पँट मागितली. त्यामुळं बादशाह कमरेला निळी चादर गुंडाळून स्वयंपाकाला बसला.

मसालेभात ठरला होता. 'बादशाहचा मसालेभात' म्हणून पाहुणे नाव काढायचे. फक्त तो त्यानं कधी केला नव्हता. तो करायचे दादासाहेब आचारी. बादशाहचं काम शेजारी उभं राहून, "दादासाहेब, जरा बेतानं," म्हणायचं. चार माणसांना तांदूळ किती? पाचशे माणसांना किती ते त्याला तोंडपाठ होतं. त्यानं मनातल्या मनात भागाकार केला, शंका आली म्हणून दोन मुठी जास्त टाकल्या, मग वाऱ्यावर भूक वाढते म्हणून आणखी दोन. पाण्यापाशी मात्र हिशोबच संपला. तो "आलोच" म्हणून हिवरामागं गेला.

थोड्या वेळानं सिमरन तिथं पोचली, तर अब्बा चादरीत उकिडवे बसून फोनवर कुजबुजत होते, "दादासाहेब, दुप्पट का अडीचपट? अहो, गोंधळ घालू नका, मला मोठ्यानं बोलता येत न्हाय."

"अब्बा! जगाशी संबंध?"

"हा जगाशी न्हाय गं, आचाऱ्याशी हाय," बादशाह म्हणाला. पण फोन त्यानं निमूटपणे तिच्या हातात दिला. पलीकडून दादासाहेब विचारतच होते, किती माणसांचा स्वयंपाक आहे, मी येऊ का म्हणून.

भात झाला. पातेल्याचं झाकण वर उचललं गेलं एवढा झाला. चौघं पोटभर जेवली तरी पातेल्यात खळगासुद्धा पडला नाही. मग हीनानं बानूबाईच्या बिऱ्हाडाला बोलावलं. बानूबाई भाकरी आणि लसणाची चटणी घेऊन आली, मागोमाग तिचा म्हातारा आणि छकुली. भात वर गच्च आणि तळाला करपलेला होता, पण छकुलीनं तीनदा घेतला. करपलेली खरवड तर म्हाताऱ्यानं मागून घेतली. सिमरन कोकरू मांडीवर घेऊन जेवत होती आणि मधूनमधून त्यालाही हवं का विचारत होती.

"तुमी करता काय, पाव्हनं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मंडप. लग्नाचं सगळं बघतो. जेवण, लायटिंग, स्टेज."

बानूबाईनं घास खाली ठेवला. तिच्या थोरल्या नातीचं वैशाखात जमलं होतं आणि मंडपवाला ठरायचा होता. पुढचा तासभर कमरेला चादर गुंडाळलेला बादशाह माळावर बसून कनाती कुठल्या रंगाच्या, पंगत बसवायची की उभ्यानं, नवरीला खुर्ची कसली, हे समजावून सांगत होता. बोलता बोलता त्याचा हात सवयीनं बॅगेच्या कप्प्यात गेला आणि त्यातून व्हिजिटिंग कार्ड निघालं. जंगलात कार्डं कशाला आणली, हे हीनानं विचारलं नाही. ती नुसती पँटीचा दोरा दातानं तोडत त्याच्याकडं बघत राहिली.

तंबू बारका होता. झोपताना बादशाहचे पाय दाराबाहेर राहिले.

पहाटे फजरच्या नमाजाच्या वेळेला त्याला सवयीनं जाग आली. पाय बधिर झाले होते, पँट परत अंगावर होती आणि पोटात मसालेभातानं उठाव केला होता. तो पाण्याची बाटली घेऊन ओघळीच्या बाजूला, तरवडीच्या आडोशाला गेला. थंडी अशी की दात वाजत होते. पूर्वेला नुसती राखेसारखी फट पडली होती.

तो आडोशाला बसलेला असताना गवत हललं आणि समोर लांडगा उभा राहिला.

आधी वाटलं कुत्रं. पण कुत्रं माणसाला बघून काहीतरी करतं. भुंकतं, शेपूट हलवतं, पळतं. हा नुसता उभा होता. गवताचाच रंग, पोट आत गेलेलं, पाय अंगाच्या मानानं लांब, आणि डोळे पिवळे. त्या डोळ्यांनी तो बादशाहकडं बघत होता. बादशाहला भीती वाटायला हवी होती, पण त्याच्या मनात आलं ते एवढंच: सिमरन! तिला हाक मारायला हवी. हाक मारली तर हा जाणार. शिवाय पोरगी आली तर ती लांडग्याबरोबर बापालाही बघणार. त्यानं हाक मारली नाही. श्वास धरून तो तसाच बसून राहिला. वाऱ्यानं लांडग्याच्या मानेवरचे केस हलत होते. एवढं सुंदर काही त्यानं कधी बघितलं नव्हतं, आणि एवढ्या वाईट अवस्थेत तर नाहीच नाही.

लांडग्यानं त्याला वरून खालपर्यंत बघितलं, नाक वर करून वास घेतला, आणि मग तोंड फिरवून सावकाश चालता झाला. पळालासुद्धा नाही. पळण्यासारखं त्याला इथं काही दिसलंच नव्हतं.

बादशाह तंबूकडं धावत आला. "लांडगा! मी लांडगा बघितला!"

तिघं उठून बसली. सिमरनचे डोळे एका क्षणात उघडले. "कुठं? कसा?"

"तितं, ओघळीपाशी. मी उभा होतो. असा. तो समोर. मी त्याच्या डोळ्याला डोळा दिला. मागं सरलो न्हाय." बादशाह बोलत होता आणि बोलता बोलता उंच होत होता. "शेवटी त्यालाच जावं लागलं."

"कुत्रं असंल बानूबाईचं," हीना जांभई देत म्हणाली.

विचारायला बानूबाई नव्हती. बादशाह कुसळं काढून मोजे चढवत होता तेवढ्या वेळात तिचं बिऱ्हाड हललं होतं. वाडग्याच्या जागी लेंड्या आणि तीन काळे दगड राहिले होते.

"ठसे असतील," सिमरन बूट घालत म्हणाली. "चला, मला जागा दाखवा."

"आता कशाला? वाऱ्यानं गेले असतील."

"ओघळीत माती मऊ हाय. चला."

"सिमरन, उशीर होतोय."

"तुमी उभे होता ना तितंच दाखवा. लांबून दाखवा."

बादशाहनं हीनाकडं बघितलं, सोहेलकडं बघितलं, तरवडीच्या झुडपाकडं बघितलं. पोरगी हात धरून ओढत होती. निम्म्या वाटेत तो थांबला. "अगं, मी उभा नव्हतो," तो म्हणाला.

"मग?"

"बसलो होतो."

सिमरनला कळायला थोडा वेळ लागला. हीनाला लागला नाही. तिनं ओढणी तोंडावर दाबली आणि ती खाली बसली. सिमरन तर मुरमावर आडवी झाली. "लांडग्यानं... लांडग्यानं अब्बांना..." यापुढं तिला बोलताच येईना.

"हसा," बादशाह म्हणाला. "पण होता लांडगाच. कुणी मानो न मानो."

तेव्हा सोहेल बोलला. "लांडगाच असणार."

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं.

"अब्बांनी नुसती थाप मारली असती तर ते उभे राहिले असते," तो म्हणाला. "हातात काठी असती. आणि लांडगे दोन असते. बसलेलं कोण कशाला सांगेल?"

बादशाह पोराकडं बघत राहिला. आपल्याबद्दल एवढं लांबलचक हा शेवटचं कधी बोलला होता, ते त्याला आठवेना.

ओघळीत, झुडपापासून सुरक्षित अंतरावर, ठसे सापडले. कुत्र्याचे असतील किंवा लांडग्याचे असतील. चौघांपैकी कुणालाच फरक माहीत नव्हता. सिमरननं त्यांवर आपला पंजा ठेवून माप घेतलं आणि बापाला विचारलं, "डोळे कसले होते?" त्यानं सांगितलं. तिनं परत विचारलं. त्यानं परत सांगितलं. डाळजची वाट धरल्यावरही ती विचारतच होती.

डाळजपर्यंत काही ते चालत पोचले नाहीत. ऊन चढलं तसा बादशाहचा डावा गुडघा बोलायला लागला. सोहेलनं न विचारता त्याची बॅग घेतली. झारा तेवढा बादशाहनं काठी म्हणून टेकत ठेवला. डांबरी रस्त्याला लागल्यावर एक ओळखीचा मोटारसायकलवाला थांबला. "बादशाभाई, गाडी बंद पडली का?" "न्हाय, चालत चाललोय." दुसरा थांबला. "कुणाचं काय झालं?" "काय न्हाय. चालतोय." मग कारखान्यावर ऊस टाकून परत निघालेला ट्रॅक्टर आला, मागं दोन रिकाम्या ट्रॉल्या खडखडत. चालकानं काही विचारलंच नाही, नुसता वेग कमी केला. बादशाहनं पोरांकडं बघितलं, हीनाकडं बघितलं.

"पायी जायचं म्हटलं होतं," हीना म्हणाली.

"म्हटलं होतं," बादशाह म्हणाला आणि झारा आधी ट्रॉलीत टाकला.

ट्रॉलीच्या फाळक्याला धरून, उसाच्या पाचटात उभी राहून पोरं डाळजपर्यंत गाणी ओरडत आली. मधेच एक खड्डा लागला की चौघं एकदम हवेत जायची. हायवेवर उतरली तेव्हा सिमरनच्या केसांत पाचट होतं आणि तिला खाली उतरायचं नव्हतं.

बारामतीला घरी पोचायला दिवस मावळला. जरिनाबी ओट्यावर वाटच बघत होती. तिनं आधी लेकाची पँट बघितली, मग चाल. "जा, पाणी तापलंय," एवढंच सांगितलं.

बादशाह न्हाणीत गेला. नळ सोडला, बादली भरायला लावली. कढत पाण्याचा तांब्या पोटऱ्यांवर घेतला तेव्हा कुसळांनी ओरबाडलेलं सगळं एकदम चुरचुरलं आणि तो तोंडातल्या तोंडात ओरडला.

बाहेर जरिनाबीनं नातीला विचारलं, "मग? सगळ्यांत काय आवडलं माझ्या पोरीला?"

"ट्रॉली!" सिमरन म्हणाली.

बादशाहनं डोळे मिटले. चार बॅगा, एक तंबू, दोन दिवस माळ; आणि ट्रॉली तर घरापासून हाकेच्या अंतरावर रोज उभी असते.

"आणि लांडगा दिसला का?"

"आमाला न्हाय. अब्बांना दिसला. पण दादी, अब्बा तेव्हा..." आणि पोरगी हसायला लागली. जरिनाबी म्हणत होती, "अगं, काय तेव्हा? सांग तरी." हीना म्हणाली, "तू नको, सोहेलला सांगू दे." मग सोहेलचा आवाज आला, नुकताच फुटलेला, जाडाभरडा. तो सुरुवातीपासून सांगत होता. तंबू कसा उडाला, अब्बा हात वर करून कसे उभे राहिले. मधेच तो बापासारखा आवाज काढत होता, आणि म्हातारी पदरात तोंड घालून ठसकत होती.

बादलीत पाणी पडायच्या आवाजात पुढचं नीट ऐकू येईना. बादशाहनं नळ बंद केला.